जोडीतलं दुसरं कपाट

सिंगापुरातला टॅम्पिनीसचा हा फ्लॅट घेताना एजंटबाईने शेजाराचं फार कौतुक केलं होतं. एका बाजूला शाळामास्तर, दुसऱ्या बाजूला एकटी म्हातारी, दोघंही अगदी शांत. शाळामास्तर खरंच शांत निघाले. म्हातारी मात्र दर शुक्रवारी दिवेलागणीला भिंत ठोकायची.

आधी दोन ठोके, सावकाश. मग तीन, भरभर. थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा तेच. तिची ती भिंत म्हणजे आमच्या छोट्या खोलीची भिंत, आणि त्या भिंतीला टेकलेल्या कपाटात माझे देव. म्हणजे मी दिवा लावून हात जोडावे आणि गणपतीच्या पाठीमागून कुणीतरी दार वाजवावं, असा प्रकार.

"खिळे ठोकत असेल," पद्माकर म्हणाले. माझे यजमान बँकेत रिस्क मॅनेजर आहेत. जगभरच्या धोक्यांचा अंदाज बांधायचा पगार घेतात आणि घरात कशाचीच काळजी करत नाहीत.

"दर शुक्रवारी? घर आहे की सुतारकामाची वखार?"

"मग जाऊन विचार ना."

मी गेले नाही. भांडायला जायचं तर समोरचा माणूस आपल्या तोलाचा हवा. मिसेस हयीम म्हणजे हाडांची काडी, पाठीतून वाकलेली, कॉरिडॉरमध्ये भेटली की फक्त मान हलवणारी. तिची माहिती मला मिळाली ती माझ्या मुलीकडून, जाईकडून. आंटी ज्यू आहे, लहानपणी जर्मनीतून आली, नवरा इथलाच होता तो वारला, मूलबाळ नाही. आणि या महिनाअखेरीला ती वृद्धाश्रमात राहायला जाणार आहे. हे शेवटचं ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

ही दोन हजार चौदा सालची गोष्ट. त्या वर्षी आपला श्रावण आणि इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना अगदी बरोबरीने आले. इमारतीखाली पत्र्याच्या पिंपांत कागदी नोटा जळत होत्या, गवतावर संत्री, भात आणि उदबत्त्या मांडलेल्या होत्या. महिनाभर परलोकाची दारं उघडी असतात म्हणे, आणि ज्यांचं मागे कुणी नाही ती भुतं उपाशी हिंडतात. ती राख उडत आमच्या मजल्यापर्यंत यायची आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायची. मी चरफडत चादरी झटकायची.

श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीचा. जिवतीचा कागद मी दरवर्षी पुण्याहून मागवते आणि देवांच्या वर चिकटवते. संध्याकाळी पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळायचं. जाई मोबाईल बघत का होईना, पाटावर बसते. थोरला राजस तेव्हा मेलबर्नला शिकत होता. जे लेकरू समोर नाही त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या आणि त्या त्या दिशेला ओवाळायचं. कुठल्या देशात कुठलं मूल आहे याचा हिशेब जिवतीने करावा, आईने फक्त अक्षता टाकाव्यात.

त्या शुक्रवारी पूर्व झाली, दक्षिण झाली, उत्तर झाली. पश्चिमेला, म्हणजे त्या भिंतीकडे वळून मी ताम्हन उचललं आणि म्हणाले, "ये रे बाळा, जिथे असशील तिथून ये." राजसचं नाव घ्यायचं राहूनच गेलं, कारण तेवढ्यात भिंत वाजली. दोन सावकाश, तीन भरभर.

माझं डोकंच फिरलं. ओवाळताना मी नवऱ्याला मध्ये बोलू देत नाही, तिथे भिंतीची काय कथा! ताम्हन खाली ठेवून मी तडक स्वयंपाकघरात गेले. पुरणपोळ्या अर्ध्या लाटून झाल्या होत्या, लाटणं पिठातच पडलं होतं. ते उचलून आणलं आणि देवांच्या खालच्या कप्प्याशेजारी भिंतीवर हाणलं. दोन सावकाश, तीन भरभर. घे म्हटलं, तुझीच भाषा.

पलीकडे सगळं थांबलं. मग उत्तर आलं, पण उलटं. तीन भरभर, दोन सावकाश. आवाज खालून आला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून.

"चावट आहे की म्हातारी," मी जाईला म्हणाले. "खाली बसून ठोकतेय."

जाईने मोबाईल खाली ठेवला. ती मोबाईल खाली ठेवते म्हणजे प्रकरण गंभीर असतं. "आई, प्लीज. घोस्ट मंथ आहे. डोन्ट प्ले प्ले, लाह." म्हणजे इथल्या इंग्रजीत, असला खेळ नको.

मी हसून पुन्हा ताम्हन उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मिसेस हयीम. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आमच्या दाराशी आली होती. रेशमी ब्लाउज, गळ्यात मोती, आणि डोळे मात्र रात्रभर न झोपलेल्या माणसाचे. मी कंबर कसली.

"काल संध्याकाळी तू तुझ्या बाजूने ठोकलंस?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो. लाटण्याने. तुम्ही ठोकता तसंच."

"दोन आणि तीन?"

"दोन आणि तीन. आणि मग तुम्ही मला चिडवायला उलटं ठोकलंत, तीन आणि दोन."

तिने दाराची चौकट धरली. "ते मी नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, ते तू."

आमच्या मधली भिंत सिमेंटची आहे, वीतभरसुद्धा जाड नसेल. तिच्यात झुरळ मावणार नाही. भांडायचं मी पार विसरून गेले.

तिने मला तिच्या घरी नेलं. घर जवळजवळ आवरून झालं होतं, खोकी भरलेली होती. पण आतल्या खोलीत, आमच्या भिंतीला पाठ लावून, एक कपाट उभं होतं. अक्रोडाच्या लाकडाचं, काळपट, छताला भिडलेलं, दारांवर द्राक्षांचे घोस कोरलेले. हे इथल्या लिफ्टमधून वर आलं कसं, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. दुसरा असा की त्याच्याकडे पाठ करून बसायची आपली हिंमत नाही.

"ही जोडी होती," ती म्हणाली. "हे त्यातलं एक."

तिचं माहेरचं नाव इल्झे ब्राश. गाव ब्रेस्लाउ, तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये. वडील डॉक्टर ब्राश, नावाजलेले वकील. नाझींनी ज्यू वकिलांना कोर्टाची दारं बंद केली, तरी ते आपला काळा झगा इस्त्री करून कपाटात टांगून ठेवायचे. वाईट कायदा आज ना उद्या रद्द होतो, असं म्हणायचे. तोवर आपली कागदपत्रं व्यवस्थित ठेवावीत. मग ज्यू पुरुषांना घराघरातून उचलून न्यायला लागले. तेव्हा त्यांनी नऊ वर्षांच्या इल्झेला मावशीबरोबर बोटीत बसवून सिंगापूरला पाठवलं. बाकीच्यांचे परवाने यायचे होते. जोडीतलं एक कपाट त्यांनी बोटीने पुढे धाडलं, दुसरं ते स्वतःबरोबर आणणार होते.

"कपाट आलं," इल्झे म्हणाली. "माणसं आली नाहीत."

घरी राहिले वडील, आई आणि धाकटा पेटर. दुसऱ्या कपाटाच्या मागे भिंतीत एक कोनाडा होता. वडिलांनी कपाटाची मागची फळी सैल करून ठेवली होती आणि वकिली डोक्याने नियम घालून दिले होते. कुणी धोक्याचं आलं की पेटरने आत जायचं. दोन सावकाश, तीन भरभर असं वाजलं की त्याने तीन आणि दोन असं उत्तर द्यायचं आणि बाहेर यायचं. दुसरं कुणीही बोलावलं, कितीही गोड बोललं, तरी चूं करायचं नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी याची तालीम व्हायची. शुक्रवारी रात्री त्यांचा सण लागतो, त्यासाठी आईने पावाची कणीक मळलेली असायची, म्हणून ती हाताने न ठोकता लाकडी डावाने ठोकायची. पेटर तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला तो खेळ वाटायचा.

"मीसुद्धा ठोकून बघायची," ती म्हणाली. "अगदी बरोबर ठोकायची. पण मला तो कधी उत्तर द्यायचा नाही. नियमात आई आणि बाबा एवढेच होते."

एक्केचाळीसच्या हिवाळ्यात, पेटर पाच वर्षांचा असताना, पोलीस आले. त्याच इमारतीत राहणारी एक ज्यू बाई नवरा ख्रिश्चन म्हणून वाचली, आणि युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला जाताना तिची बोट इथे लागली, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. वडिलांनी दारात उभं राहून हुकूम पूर्ण वाचला. सही बघितली, शिक्का बघितला. मग आत जाऊन कोट घातला. दोघं जिना उतरून गेली, बरोबर मूल नव्हतं. बाईला वाटलं, मुलाला आधीच कुठेतरी सुरक्षित पाठवलं असेल. ब्रेस्लाउच्या ज्यूंना भरलेली आगगाडी लिथुआनियाला गेली आणि तिथे सगळ्यांना खड्ड्यांच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या.

"म्हणजे आईबाबांचं काय झालं ते मला माहीत आहे."

"आणि पेटर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"जुन्या मोलकरणीने येऊन त्याला काढायचं ठरलं होतं. तिला ठोके शिकवले होते, त्याला तिचा आवाज ओळखीचा होता. पण पोलिसांनी घराला सील ठोकलं. सील तोडलं तर तिलाही नेलं असतं. ती दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेली म्हणे." इल्झेने कपाटाच्या दारावरून हात फिरवला. "तो फार शहाणा मुलगा होता. सांगितलेलं ऐकायचा."

मला तिथेच रडू फुटलं. माझ्या दोन्ही पोरांचं पाचवं वर्ष डोळ्यांसमोर आलं, त्यांचे दुधाचे दात, आणि अंधाऱ्या खोलीत एकटं जायचं म्हटलं की माझा पदर धरणारे हात. ती रडली नाही. तिचं रडून झालं होतं.

"येत्या शनिवारी मला नेणार," ती म्हणाली. "तिथल्या खोलीत हे कपाट मावत नाही. ते भंगारवाला नेणार. कपाट गेल्यावर मी कशावर ठोकू? एकच शुक्रवार उरलाय. मला तो इतक्या वर्षांत उत्तर देत नाही. तुला दिलं."

"मी काही त्याची आई नाही, मिसेस हयीम."

"तू भिंतीपाशी येऊन काहीतरी म्हणालीस. मला शब्द कळले नाहीत. पण मूल घरी परत बोलवायचा सूर सगळीकडे तोच असतो. आणि लाटणं होतं, म्हणजे तुझ्या हाताला पीठ होतं. त्याला तेवढंच माहीत आहे."

घरी येऊन मी पद्माकरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केली, आणि उन्हाने तापलेलं सिमेंट संध्याकाळी आकसतं, त्यावर एक छोटं व्याख्यान दिलं. "आकसताना मोजून आकसतं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "शैला, म्हातारीचं ठीक आहे. तू तरी वाहवत जाऊ नकोस."

मी वाहवत गेले नाही, पण त्या आठवड्यात देवांच्या खालच्या कप्प्याचं दार मी तीनतीनदा उघडून बघितलं. तिथे पाट, समया, जुन्या चादरी असतात. दार उघडलं की बंद घराचा वास यायचा, ओल्या लोकरीचा. सिंगापुरात लोकर कुठली? एका दुपारी मी ते सगळं सामान बाहेर काढून कप्पा रिकामा केला आणि पुसून घेतला. जागा असावी म्हणून. कुणाला, ते मी मनातसुद्धा बोलले नाही.

शुक्रवार आला. जाईला मी आधी ओवाळून घेतलं आणि ट्यूशनला पिटाळलं. पद्माकर ऑफिसातून यायचे होते. खिडकीबाहेर आभाळ तांबडं झालं होतं आणि खालून कागद जळाल्याचा वास येत होता. मी मुद्दाम आधी पोळ्या लाटायला घेतल्या, हात पिठाने भरू दिले, मग लाटणं घेऊन भिंतीपाशी गेले. पलीकडे इल्झे कपाट सताड उघडून बसली होती, तसं ठरलंच होतं. आज ती ठोकणार नव्हती.

दोन सावकाश. तीन भरभर.

काहीच नाही. खाली कुठेतरी लिफ्ट थांबल्याचा आवाज. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. आणि लाजेपेक्षा मोठी भीती अशी की आता शेजारी जाऊन त्या बाईला काय तोंड दाखवू? मी पुन्हा ठोकलं. या वेळी डोळे मिटून, आणि तोंडाने म्हणत, "बाळा, आता ये. सगळे गेले. आता कुणी नाही न्यायला येणार."

तीन भरभर. दोन सावकाश.

भिंतीतून नाही. खालच्या कप्प्यातून, दाराच्या आतल्या बाजूने. इतकं हलकं, की ठोकणाऱ्याच्या अंगात जोर उरलेला नसावा.

मी पळून जाईन असं मला वाटलं होतं. पण लेकरू आतून दार वाजवतंय म्हटल्यावर बाईमाणसाचे हात आपोआप चालतात. मी खाली बसून दार उघडलं. आत अंधार, आणि बर्फाच्या पेटीचं झाकण काढल्यासारखा गारवा. दुसरं काही नव्हतं. मी पाट मांडला, ताम्हनातले पुरणाचे दिवे लावले आणि पाटावर बसलेल्या पाच वर्षांच्या पोराचं तोंड जिथे येईल तिथे ओवाळलं. ज्योती वाकल्या, माझ्याकडे नाही, पाटाकडे, आतून कुणी श्वास ओढून घ्यावा तशा. अक्षता टाकल्या. चिमूटभर पुरण पाटावर ठेवलं आणि पाया पडायच्या निमित्ताने नजर खाली घातली. वर बघितलं तेव्हा पाट रिकामा होता.

मग माझी दोन बोटं कुणीतरी धरली.

हात एवढासा होता, गार, आणि घट्ट. माझ्या मुलांना शाळेत सोडायला जाताना ती अशीच दोन बोटं धरायची, अख्खा हात त्यांच्या मुठीत मावायचा नाही. मी उठले. जोरात चालवेना, हात खाली सोडून एका कडेला झुकून चालावं लागत होतं. कॉरिडॉरमध्ये शाळामास्तर उदबत्त्या घेऊन लिफ्टकडे निघाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला चिकटून उभं राहत वाट दिली. एका बाईला लागते त्याहून जास्त.

इल्झेचं दार उघडंच होतं. टेबलावर दोन मेणबत्त्या जळत होत्या. ती आतल्या खोलीतून धावत आल्यासारखी आली, रडवेली, कारण तिचं कपाट रिकामंच राहिलं होतं. दारात ती थबकली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिची नजर माझ्या कमरेच्या खाली गेली, जिथे माझा हात होता, आणि तिथेच थांबली.

मग ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मला जर्मनचा एक शब्द येत नाही. पण मोठी बहीण उशीर केला म्हणून रागावते ते मला कळतं. केव्हाच म्हाताऱ्या झालेल्या त्या तोंडातून नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज आला.

माझी बोटं मोकळी झाली. मी दार ओढून घेतलं आणि घरी येऊन पाटाशेजारी बसून राहिले, पद्माकर येईपर्यंत. त्यांनी पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सिमेंटबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

शनिवारी भंगारवाल्याची माणसं कपाट घेऊन गेली. मला वाटलं होतं, इल्झे त्या दारांना मिठी मारेल. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. तिला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी खाली आली होती, आणि मदतीला आलेली फिलिपिनो नर्स तिला पुढे बसवत होती. ती नको म्हणाली. मागे बसली, पण दाराशी नाही. आत सरकून बसली, खिडकीकडची जागा मोकळी सोडून. बाहेरचं बघायला मुलांना खिडकीच हवी असते.

मग तिने वाकून त्या मोकळ्या जागेचा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

नर्स माझ्याकडे बघून समजुतीने हसली, म्हातारी माणसं असतात अशी, या अर्थाचं. मीही हसणार होते. पण गाडी हलायच्या आधी मी खिडकीशी वाकले आणि मला पट्टा दिसला. तो सीटला टेकला नव्हता. पुढे ताणलेला होता, मध्ये एका लहान मुलाच्या पोटाएवढी जागा ठेवून, आणि अगदी सावकाश वरखाली होत होता.

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले, दोघांना.